हाताला पेलेल असा कॅमेरा

अडकित्त्यात सुपारी सापडावी आणि एका दाबासरशी फुटावी, तसा तो आवाज आहे. कोरडा, नेमका, मागे काहीही न रेंगाळणारा. हुबळीजवळच्या उणकलच्या तळ्यावर पौषातल्या सकाळी धुकं पाण्यावर अंथरलेलं असतं, पलीकडच्या नव्या इमारतींचे नुसते माथे दिसत असतात, आणि त्या धूसर नीरवतेत माझ्या कॅमेऱ्याचं शटर एकदा उघडून मिटतं. पूर्वी मी हा आवाज ऐकतच नसे. स्वतःच्या श्वासाचा आवाज आपण कुठे ऐकतो? पण गेल्या दसऱ्यापासून बटण दाबलं की माझा सारा जीव कानांत गोळा होतो. उघडलं तसं ते मिटलं का? मिटताना किंचित अडखळलं का? आणि आता जी थरथर जाणवली ती कॅमेऱ्याची, की माझी?

मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. एक भीती अशी की हा कॅमेरा कुठल्याही सकाळी बंद पडेल. दुसरी अशी की त्याआधी माझा उजवा हात कामातून जाईल. यातलं काहीही आधी घडलं तरी पक्ष्यांचे फोटो काढणं संपेल, आणि येत्या उन्हाळ्यात शाळेतून निवृत्त होणाऱ्या माझ्यासारख्या बाईने पुढच्या आयुष्यासाठी एवढी एकच गोष्ट राखून ठेवली होती. तीस वर्षं मी मुलांना बेडकाचं हृदय आणि फुलाचे पुंकेसर दाखवले. पाखरांचं मात्र ‘नंतर, सावकाश’ म्हणून ठेवून दिलं. सावकाश या शब्दावर माणूस किती निर्धास्तपणे विसंबून राहतो!

या कॅमेऱ्याविषयी थोडं सांगायला हवं. कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश झेलणारी एक पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी असली तर ती ‘फुल फ्रेम’, त्याहून लहान असली तर ‘क्रॉप’, म्हणजे कातरलेली. लहान पट्टीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. अंधुक उजेडात ती लवकर थकते, चित्रात वाळूसारखे कण उमटतात, हे खरंच आहे. पण तिचा एक गुण असा की, भोवतालचा पसारा आपोआप कातरला गेल्याने लांबचा पक्षी तिच्यावर चौकट भरून उतरतो. ज्या पाखरासाठी फुल फ्रेमवाल्याला मांडीएवढी लेन्स खांद्यावर वाहावी लागते, त्याच्यासाठी मला कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीची लेन्स पुरते. बाईमाणसाने, तेही साठीच्या उंबऱ्यावरच्या, तळ्याच्या काठाने तासभर हिंडायचं तर आणखी काय हवं?

आणि माझा कॅमेरा क्रॉप असूनही अंगाने पक्का व्यावसायिक होता. धातूचा सांगाडा, सांध्यासांध्यांत पाणी आणि धूळ अडवणारं रबर, न बघता बोटांना सापडतील अशी बटणं, आणि पापणी लवण्याआधी उघडून मिटणारं शटर. धारवाडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल तर मी काय म्हणते ते समजेल. तो कोसळत नाही, आठवडेच्या आठवडे नुसता झिमझिमत राहतो. भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी येते, कपाटातल्या रेशमी साड्यांना वास येतो. अशा हवेत हा कॅमेरा मी गळ्यात घालून वर्षानुवर्षं फिरले, आणि एकदाही तो शिंकला नाही.

तसा कॅमेरा ती कंपनी आता करत नाही. का करत नाही, असं मी एकटीच वेड्यासारखी विचारत असते. लहान सेन्सरचे नवे कॅमेरे येतात, पण ते बहुतेक हलके, प्लॅस्टिकचे, ‘हौशी लोकांसाठी’ असा शिक्का मारलेले. भक्कम अंग, मजबूत शटर, पावसाला न भिणारी बांधणी हे सगळं फुल फ्रेमवाल्यांच्या ताटात वाढलेलं. जणू जो गंभीर आहे त्याच्या दंडात बळ असणारच आणि खिसाही खोल असणारच! हौसेला मोल नाही म्हणतात. असेल. पण ज्याचा जीव एखाद्या गोष्टीत गुंतला आहे त्याला हौशी म्हणून पंगतीच्या शेवटच्या पानावर बसवावं, हे मला कधी पटलं नाही. कंपन्यांचीही बाजू असणार. फोनने लहान कॅमेऱ्यांचा घास घेतला, मागणी रोडावली, दोन-दोन चुली पेटत्या ठेवणं कुणाला परवडतं? हे सगळं मला समजतं. समजल्याने भीती मात्र तसूभरही कमी होत नाही.

कारण माझ्या भीतीची मुळं कॅमेऱ्याच्या पलीकडे आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी फळ्यावर पेशीची आकृती काढताना गोलाची रेघ किंचित नागमोडी आली. खडू ओला असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग चहाची कपबशी किणकिणली. मग सुईत दोरा जाईना. कुणाला काही बोलले नाही. शाळेत कपाऐवजी पेल्याने चहा घेऊ लागले, फळ्यावर काढायच्या आकृत्या घरून कागदावर काढून नेऊ लागले, आणि डबा उघडताना पाठमोरी होऊ लागले. लबाडी अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

सर्वांत मोठा साथीदार होता तो कॅमेरा. शटर इतक्या वेगाने मिटतं की हाताची थरथर त्याला गाठू शकत नाही, आणि लेन्समध्येही कंप शोषून घेणारी यंत्रणा असते. माझ्या फोटोंतल्या बगळ्याच्या पिसाचा तंतू न् तंतू स्वच्छ दिसे. शाळेच्या प्रयोगशाळेत ते फोटो लावलेले आहेत, खाली मराठी आणि कानडी दोन्ही नावं घालून. लोक म्हणत, बाई, काय स्थिर हात आहे तुमचा! मी हसत असे.

अप्पांचे हात आठवत. माझे वडील धारवाडच्या कोर्टात कारकून होते, आणि त्यांचं अक्षर पाहायला वकील मंडळी मुद्दाम टेबलापाशी येत. मग एका वर्षी त्या अक्षराची कड विरायला लागली. पुढे सही वाकडी झाली. त्याच्याही पुढे, घरी कुणी पाहुणे आले की अप्पा चहा नको म्हणू लागले, आणि मला वाटे की त्यांना चहाचा कंटाळा आला आहे. चहा न पिण्याचं खरं कारण कळायला मला त्यांच्या वयाचं व्हावं लागलं. हे दुखणं वारशाने येतं का? मी जीवशास्त्राची शिक्षिका, पुस्तक उघडून पाहणं मला अवघड नव्हतं. दोन वर्षांत मी ते पान उघडलेलं नाही.

आता दसऱ्याकडे येते. आमच्याकडे खंडेनवमीला आयुधपूजा केवढ्या थाटाची! आमच्या नवनगरच्या गल्लीत त्या दिवशी प्रत्येक स्कूटरला झेंडूची माळ, प्रत्येक चाकाखाली लिंबू. माझ्या माहेरी आणखी एक रीत होती, ती मी सासरी घेऊन आले. आयुध झाकलेलं असेल तर त्याला पूजा पोचत नाही, असं आई म्हणायची. म्हणून विळी उघडून ठेवायची, कात्री फाकवून ठेवायची, शिलाई मशीनवरचं झाकण काढायचं, अप्पांच्या पेनांची टोपणं काढायची. त्याच रीतीने मी दरवर्षी कॅमेऱ्याची लेन्स काढून वेगळी मांडायची, आणि कॅमेरा तोंड उघडं ठेवून पाटावर उताणा. वरून पाऊस न शिरणाऱ्या कॅमेऱ्याचं हे एकच दार, आणि ते मी स्वतःच्या हाताने देवासमोर सताड उघडं टाकत असे. इतकी वर्षं काही झालं नाही, कारण इतकी वर्षं हात स्थिर होता.

या वर्षी करंड्यातून कुंकवाची चिमूट उचलली, कॅमेऱ्याच्या धातूच्या कडेवर टेकवायला नेली, आणि हात हलला. थोडासा नव्हे, चांगला हलला. चिमूट सुटली आणि सगळं कुंकू कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात, आतल्या चिमुकल्या आरशावर सांडलं. लाल भुकटीचा एक ढीग. माझे यजमान शेजारी निरांजन घेऊन उभे होते. पाटबंधारे खात्यात सारा जन्म काढलेला माणूस, धरणाच्या भिंतीला गेलेला केसाएवढा तडा दहा हातांवरून ओळखणारा. त्यांनी काय पाहिलं ते मला कळलं. त्यांनी निरांजन खाली ठेवलं नाही, तसंच ओवाळायला घेतलं.

तेव्हाच कॅमेरा उचलून उलटा केला असता आणि रबरी पंपाने हवा मारली असती, तर बरंचसं निघालं असतं. पण नवमीला मांडलेलं आयुध दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, असा नियम. मी म्हटलं, राहू दे, उद्या बघू. मुलांना तीस वर्षं ‘प्रश्न विचारा, पुरावा मागा’ म्हणून शिकवणारी बाई नियमाच्या आड लपली! खरं कारण तुम्हाला सांगते. यजमानांच्या देखत तो कॅमेरा उचलायचं धैर्य मला झालं नाही. बाहेर झिमझिम लागली होती, हवेला ओल होती, आणि ते कुंकू दिवसभर आणि रात्रभर तिथेच पडून राहिलं. सकाळी पाहिलं तर त्याचा लेप झाला होता. मी घाबरून तोंडाने फुंकर घातली, आणि उरलंसुरलं आरशाखालून शटरच्या पडद्यात गेलं.

हुबळीला देशपांडे नगरच्या एका बोळात ईरण्णा नावाचे गृहस्थ कॅमेरे दुरुस्त करतात. माझ्याच वयाचे, डोळ्याला घड्याळजीची काच लावून बसणारे, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारे आणि तिथून न सांगता परत येणारे. त्यांनी कॅमेरा उघडला आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. सांध्यांतलं सगळं रबर अजून शाबूत आहे, बाहेरून धुळीचा कण आत गेलेला नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग, हे लाल काय आहे, असं विचारलं. मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांच्याही दुकानात नवमीला सगळे पेचकस हारांखाली असतात. मात्र ते कॅमेऱ्यांना टोपण लावूनच पूजा करतात, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

पाच दिवसांनी बोलावलं. आरसा पुसला होता, पडद्याच्या पात्या एकेक करून साफ केल्या होत्या. पण पात्यांवर ओरखडे होते, आणि तो भाग आता कुठेच मिळत नव्हता. बेंगळूरला विचारून झालं, मुंबईला विचारून झालं. मी काही बोलायच्या आत त्यांनी काच डोळ्यावरून काढली.

“नोड्री अक्का, बघा, मी जमेल तेवढं केलंय. पडदा आणखी किती दिवस उघडेल, ते मला विचारू नका.”

मग त्यांनी सल्ला दिला, तो शहाणपणाचाच होता. फुल फ्रेम घ्या, सेन्सर मोठा असला तर हवं तेवढं नंतर कातरता येतं. खरंच येतं. पण कातरूनही पुरेसं उरेल असे कॅमेरे सराफी पेढीवरच्या दागिन्यांसारखे, लांबून बघायचे. तरी त्यांनी कपाटातून कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला तसा कॅमेरा काढला, त्याला मोठी लेन्स जोडली आणि माझ्यापुढे केला. मी तो उचलला. डोळ्याला लावला. समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आकडे नाचायला लागले. काही क्षणांतच तो काउंटरवर ठेवून दिला. ठेवताना त्याचं बूड काचेवर तीन-चारदा टकटकलं. ईरण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं, आणि तो कॅमेरा परत कपाटात ठेवला.

बसने नवनगरला परतताना मी जुना कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? एक वस्तू बंद झाली की दुसरी येते. पण वस्तू बनवणाऱ्याने आपल्यासारखा माणूस जगात आहे हे विसरून जावं, यात एक वेगळंच भय आहे. बळकटांसाठी बळकट वस्तू आणि दुबळ्यांसाठी खेळणी, असं जग वाटून टाकलं, तर ज्याचं मन अजून धडधाकट आहे आणि फक्त हात दुबळा झाला आहे, त्याने कुठे जावं? म्हणून मला वाटतं की लहान सेन्सरचा, भक्कम, गंभीर कॅमेरा कुणीतरी करत राहिला पाहिजे. मागणी थोडी असेल. पण त्या थोड्यांची गरज थोडी नसते. हे मी कोणाला सांगणार? बसमध्ये शेजारची बाई भाजीच्या पिशवीवर डोकं टेकून झोपली होती.

तेव्हापासून मी क्लिक जपून वापरते. पूर्वी एका बगळ्यावर शंभर फोटो उधळणारी मी, आता पाखरू समोर असतं आणि बोट बटणावरून मागे येतं. हा गेला तर? यानंतर पडदा उघडलाच नाही तर? कृपण माणसासारखी मी पाहते पण घेत नाही. डॉक्टरांकडेही जाऊन आले, एकटीच. त्यांनी बोटं पसरायला लावली, कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली, आणि अजून नक्की काही सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं म्हटलं. ते सहा महिने मी कसे मोजते आहे, ते माझं मला माहीत.

यजमान मात्र दसऱ्यापासून रोज तळ्यावर माझ्याबरोबर येतात. साखर वाढली आहे, चालायला सांगितलं आहे, असं त्यांनी स्वतःहून जाहीर केलं. पण ते चालत नाहीत. माझ्यापासून चार हातांवर उभे राहतात आणि पाण्याच्या पातळीविषयी काहीबाही बोलतात. मीही त्यांना ‘चला की’ म्हणत नाही. नवमीला जे दोघांनी पाहिलं, त्याच्याभोवती आम्ही इतके दिवस अशी प्रदक्षिणा घालत होतो.

गेल्या रविवारी कवड्या खंड्या आला. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा, आणि मग दगडासारखा खाली पडणारा. हा पक्षी हवेत स्थिर राहतो तेवढेच चार क्षण फोटोला मिळतात. मी कॅमेरा उचलला. धुक्यामुळे उजेड कमी होता, म्हणून शटरचा वेग उतरवावा लागला, म्हणजे माझी लपण्याची जागा गेली. खंड्या चौकटीत ठरेना. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, चौकटीबाहेर गेला, आणि तो तर हवेत खिळलेला होता. मी कॅमेरा खाली घेतला. मला रडू येत होतं, आणि ते धुक्यावर ढकलायची तयारी मी करत होते.

तेवढ्यात यजमान आले आणि माझ्यासमोर पाठमोरे उभे राहिले. उंच माणूस, गुडघे किंचित वाकवून खांदा माझ्या डोळ्यांच्या रेषेत आणला.

“माझ्या खांद्यावर ठेव,” ते म्हणाले. “मी हलत नाही.”

हाताविषयी आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. मी लेन्स त्यांच्या स्वेटरवर टेकवली, डाव्या हाताने खालून आधार दिला आणि डोळा लावला. खंड्या पुन्हा पाण्यावर येऊन थांबला होता. चौकट अजूनही थरथरत होती. म्हणजे याचाही उपयोग नाही, असं मला वाटलं. मी उजवा हात कॅमेऱ्यावरून पूर्ण काढून घेतला आणि नुसतं पाहत राहिले. तरी चौकट थरथरतच होती. बारीक, सतत, न थांबणारी.

वारा नव्हता, आणि डावा हात माझा अजून स्थिर होता. तो खांदा हलत होता. धरणाच्या कठड्यावर निर्धास्त उभा राहणारा हा माणूस मान ताठ धरून, दात आवळून माझ्यापुढे उभा होता, आणि त्याच्या अंगातली भीती लेन्समधून माझ्या डोळ्यापर्यंत येत होती. किती दिवसांपासून? नवमीपासून? की त्याच्याही आधी, फळ्यावरची रेघ मला पहिल्यांदा नागमोडी दिसली तेव्हापासून, कपबशी घरातही किणकिणत होती तेव्हापासून? इतके दिवस मला वाटत होतं की मी एकटीच घाबरलेली आहे.

मी उजवा हात पुन्हा कॅमेऱ्यावर ठेवला आणि बटण दाबलं. पडदा उघडला आणि मिटला. तो फोटो मी नंतर घरी मोठा करून पाहिला. खंड्याला तीन चोची आहेत आणि पंखांच्या जागी नुसता करडा धूर आहे. पण हे नंतरचं. तेव्हा, तळ्यावर, त्यांनी मान न वळवता विचारलं, “आला का?”

“आला,” मी म्हटलं, आणि लेन्स त्यांच्या खांद्यावरून काढली नाही.